गोव्यात ग्रेप हायसिंथला पाने येतात, फूल का येत नाही?

कुंडीत पाती हिरवीगार, वीतभराहून लांब, कडेवरून खाली लोंबणारी. आणि फेब्रुवारी सरत आला तरी निळ्या तुऱ्याचा मागमूस नाही. पेडण्यापासून काणकोणापर्यंत ज्यांनी हौसेने ग्रेप हायसिंथचे, म्हणजे मस्कारीचे कंद मागवले, त्यांतल्या बहुतेकांची तक्रार हीच असते. दरवर्षी तोच प्रश्न, तसाच कुंडीचा फोटो, आणि ठरलेले उपाय आधीच करून झालेले: शेणखत घातले, केळीच्या सालींचे पाणी घातले, कुंडी गच्चीवर उन्हात नेली, मग ऊन सोसेना म्हणून परत सावलीत आणली. पाने आणखी वाढली. फूल नाही.

खत कमी पडले म्हणून हे होत नाही, आणि तुमच्या हाताला गुण नाही असेही नाही. कंदाला हवी असते सलग तीन महिने टिकणारी थंडी, आणि ती गोव्याच्या हवेत नाही. ती फ्रिजमध्ये द्यावी लागते. ती नीट दिली, तर अगदी समुद्रकाठच्या घरातही मस्कारी फुलते. नीट न दिली, तर फ्रिजमध्ये ठेवूनही फसते, आणि ते कसे हेच पुढे सविस्तर लिहिले आहे. कारण ‘फ्रिजमध्ये ठेवा’ एवढे ऐकून ज्यांनी करून पाहिले, त्यांची निराशा मला जास्त लागते.

कंदाचे वर्ष कसे चालते

आपल्याकडे मिळते ती बहुतेक मस्कारी आर्मेनियाकम या जातीची. तिचे मूळ आग्नेय युरोप, तुर्कस्तान आणि कॉकेशसच्या डोंगराळ मुलखात. तिथला उन्हाळा कोरडा आणि हिवाळा कडक. कंदाचे सगळे वर्ष त्यावर बेतलेले आहे. वसंत संपला की पाने वाळतात आणि कंद मातीखाली निजतो. वरून काही दिसत नाही, पण आत काम चालू असते: याच कोरड्या, उबदार महिन्यांत कंदाच्या मध्यभागी पुढच्या हंगामाची कळी तयार होते. शरदात मुळे सुटतात, पाने वर येतात. मग थंडी पडते. पारा २ ते ९ अंशांच्या आसपास बारा-चौदा आठवडे राहतो, आणि त्या काळात दांडा लांबण्याची तयारी होते. थंडी ओसरली की मार्च-एप्रिलमध्ये दांडा वर सरकतो आणि १५ ते २० सेंटिमीटर उंचीवर तुरा उघडतो.

कळी तयार होणे आणि दांडा वर येणे ही दोन वेगळी कामे आहेत. पहिल्याला ऊब लागते, दुसऱ्याला थंडी. हॉलंडहून आलेल्या चांगल्या कंदात पहिले काम झालेले असते; उन्हाळ्यात ते शेतातून काढतात आणि विक्रीआधी उबेत साठवतात, तेव्हाच आत कळी धरते. तुमच्या हातात कंद पडतो त्या वेळी फूल त्याच्या पोटात असते. राहिलेले काम फक्त थंडीचे.

आता आपली हवा पाहा. पणजीत जानेवारीतही रात्रीचा पारा विशीच्या आसपास थांबतो. वाळपई, सांगे या बाजूला एखाद्या पहाटे तो १५-१६ पर्यंत उतरतो, अंगावर शाल लागते. पण मस्कारीच्या लेखी हा हिवाळा नव्हेच. चोर्ला घाटाच्या माथ्यावरसुद्धा सलग काही आठवडे ९ अंशांखाली राहणारी थंडी नाही. पानांना थंडीची गरज नसते, म्हणून ती ओल मिळताच येतात आणि जोमाने वाढतात. त्यावरून कंद खूश आहे असे वाटते, आणि आपण वाट पाहत बसतो. श्रीनगरच्या ट्यूलिप बागेत हीच मस्कारी दर वसंतात वाफेच्या वाफे निळे करते. तिथे तिला कोणी काही वेगळे घालत नाही, हिवाळा मात्र पुरेपूर मिळतो.

आधी एक कंद कापून पाहा

कंद आले की त्यातला एक बळी द्या. जिवावर येते, पण पुढच्या तीन महिन्यांची मेहनत वाया जाणार की नाही ते इथे कळते. धारदार सुरीने टोकापासून बुडापर्यंत उभा चिरा. पांढऱ्या, रसदार थरांच्या अगदी मध्यभागी पिवळसर-हिरवा, बारीक दाणेदार कोंब दिसला पाहिजे, मक्याच्या इवल्याशा कणसासारखा. नीट दिसण्यासाठी भिंग घ्या. कोंब असेल तर कंद खरा. नसेल, नुसते थरच थर असतील, तर तो कंद फुलायच्या वयाचाच नाही, किंवा त्याची साठवण चुकली आहे. मग किती थंडी दिली तरी त्यातून पानेच येणार.

कंदाचा आकारही बोलतो. हे कंद घेराने मोजतात, व्यासाने नव्हे. ८ ते १० सेंटिमीटर घेराचा कंद फुलण्याइतका भरलेला असतो. स्वस्त पुडीत येणारे, वाटाण्यापेक्षा जरा मोठे कंद म्हणजे मोठ्या कंदाला फुटलेली पिल्ले. त्यांना फुलाच्या वयात यायला आणखी वर्षे लागतात, आणि ती वर्षे गोव्यात त्यांना मिळत नाहीत. ‘ग्रेप हायसिंथचे बी’ म्हणून ऑनलाइन निळीशार चित्रे लावून विकतात, ते घेऊच नका. बियापासून फूल यायला तीन-चार वर्षे लागतात, तीही थंड प्रदेशात.

कंद दाबून पाहा. टणक हवा. बुडाची चकती, जिथून मुळे सुटतात, ती कोरडी आणि घट्ट हवी. तिथे बोट रुतले, तपकिरी ओल दिसली किंवा आंबूस वास आला तर तो कंद बाकीच्यांत ठेवू नका. बुडाची कूज शेजाऱ्यांना लागते. वरच्या सालीवर थोडी निळसर बुरशी असेल आणि आत कंद टणक असेल तर घाबरायचे कारण नाही. कोरड्या फडक्याने पुसा आणि वापरा.

काय दिसते त्यावरून काय बिघडले

पाने भरपूर आणि तुरा अजिबात नाही: थंडी मिळालीच नाही, किंवा कंद लहान होता. दुसरे कारण आहे का ते वरच्या कापणीत कळलेले असते.

तुरा आला, पण दांडा नाही. पानांच्या बुडाशी, मातीला टेकून निळे दाणे उघडले. ही तक्रार फ्रिज वापरणाऱ्यांकडून येते आणि ती सुधारण्याजोगी आहे. थंडी मिळाली, पण अपुरी. चार-पाच आठवडे ठेवून घाईने बाहेर काढले, की कळी जागी होते पण दांडा लांबू शकत नाही. दुसरे कारण मुळांचे आहे आणि ते फारसे कोणी सांगत नाही. कंद कोरडेच, कागदाच्या पिशवीत फ्रिजमध्ये ठेवले असतील तर थंडीत त्यांची मुळे वाढत नाहीत. डिसेंबरअखेर लावले की त्यांना एकाच वेळी मुळेही काढायची असतात आणि दांडाही, तेही तिशीच्या उन्हात. दांडा मुळांपुढे धावतो आणि आखूड राहतो. तुर्कस्तानातल्या डोंगरावर थंडी ओल्या मातीत मिळते, मुळे तीन महिने आरामात पसरतात. म्हणून माझा आग्रह ओल्या थंडीचा आहे, तिची रीत पुढे सांगते.

कळी दिसली, रंगही आला, आणि मग टोकापासून वाळली किंवा तपकिरी पडली. इथे दोन संशयित. एक म्हणजे फ्रिजमधली फळे. पिकणारी केळी, चिकू, पपई, सफरचंद यांतून इथिलीन वायू निघतो. आपल्याला त्याचा वास येत नाही, पण कंदाच्या पोटातली कळी त्याने मरते. गोव्याच्या घरातला फ्रिज म्हणजे भाजीच्या ट्रेमध्ये फळे असणारच. कंद असेपर्यंत ती बाहेर ठेवावी लागतील, नाहीतर कंदांना वेगळी जागा शोधावी लागेल. दुसरा संशयित दुपारचे ऊन. थंडीतून आलेली कुंडी थेट सिमेंटच्या गच्चीवर ठेवली की एका दुपारीत कळी भाजते.

तुऱ्याच्या टोकाची फुले फिकट, बारीक आणि बंदच राहिली, तर तो बिघाड नाही. मस्कारीच्या तुऱ्यात खालची फुले आधी उघडतात आणि वरची काही वांझ असतात. ती तशीच दिसायची.

काहीच उगवले नाही, किंवा उगवून पिवळे पडले, तर माती उकरा. गोव्यात हे जवळजवळ नेहमी कुजणे असते. कधी उंदीर, क्वचित रानालगतच्या वाड्यांवर साळिंदर. पण त्यांनी नेले तर खड्डा दिसतो. कुजलेला कंद औषधाने सुधारत नाही, त्याच्यावर पैसे घालू नका.

चवथ ते नाताळ: फ्रिजमधला हिवाळा

गोव्यासाठी वेळापत्रक सोपे आहे. चवथीची, म्हणजे गणेश चतुर्थीची गडबड आवरली की, सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात, कंद थंडीत घाला. नाताळ झाला की बाहेर काढा. मध्ये तेरा आठवडे पडतात, जेवढे हवेत तेवढेच. बाहेर काढायची वेळ आपल्या सर्वांत गार महिन्याला लागून येते, म्हणून तुरा जानेवारीच्या मध्यापासून पुढे उघडतो आणि मार्चच्या उकाड्याच्या आत त्याचे दिवस पुरे होतात. नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यानंतर कंद हाती आले तर त्या हंगामाचा नाद सोडलेला बरा. थंडी पुरी होईपर्यंत फेब्रुवारी उजाडतो आणि फूल उन्हाळ्यात सापडते.

कंद चवथीच्या आधीच आले तर ते कुरिअरच्या प्लास्टिकच्या पिशवीत एक दिवसही ठेवू नका. सप्टेंबरची हवा दमट असते. वर्तमानपत्रावर एकेरी पसरा, पंख्याचा वारा लागू द्या.

फ्रिजचे तापमान आधी मोजा. भाजीच्या ट्रेमध्ये पाण्याचा पेला ठेवा, त्यात रात्रभर थर्मामीटर बुडवा, सकाळी दार उघडताच वाचा. ४ ते ७ अंश असेल तर उत्तम. दाराच्या कप्प्यात तापमान सारखे चढते-उतरते, तिथे नको. मागच्या भिंतीला टेकूनही नको, फ्रॉस्ट फ्री फ्रिजमध्ये तिथे भाजी गोठते तसा कंदही गोठेल. फ्रीझर तर नाहीच. वीज दोन-चार तास गेली तर काळजी करू नका, फक्त दार उघडू नका.

आता ओल्या थंडीची रीत. आइस्क्रीमचे चौकोनी प्लास्टिकचे डबे घ्या, एक किंवा दोन लिटरचे. फ्रिजमध्ये मातीच्या कुंडीपेक्षा ते चांगले बसतात. बुडाला तापलेल्या खिळ्याने आठ-दहा भोके पाडा. मिश्रणात अर्धी बागेतली भुसभुशीत माती, अर्धी जाड नदीची वाळू. वाळू मिळेना तर चिऱ्याची बारीक खडी चाळून, धूळ टाकून द्या आणि वापरा; ती छान निचरा करते. समुद्राची वाळू घालू नका, धुतलेलीसुद्धा नको, मीठ पुरते जात नाही. कोकोपीट आपल्याकडे सहज मिळते म्हणून हात सैल सोडला जातो, पण ते पाणी धरून ठेवते आणि इथे तेच घातक आहे, मूठभर पुरे. आपली जांभ्याची माती आंबट असते. मस्कारीला ती चालते, पण चिमूटभर चुना मिसळला तर आणखी बरे. खत काही नको. कंदात साठवलेले अन्न एका फुलाला पुरते.

कंद टोक वर, बूड खाली, एकमेकांना न चिकटवता बोटाच्या अंतरावर लावा. वर तीन-चार सेंटिमीटर मिश्रण. बागेतल्या जमिनीत ते ७ ते १० सेंटिमीटर खोल लावतात, पण डब्यात मुळांना खाली जागा हवी. एकदा पाणी घाला, सगळे निथळू द्या, तासभर कलते ठेवा. मग भोके पाडलेल्या प्लास्टिकच्या पिशवीत सैल गुंडाळून भाजीच्या ट्रेमध्ये.

डब्यावर तारीख लिहा आणि ठळक अक्षरांत लिहा की हे खायचे नाही. हे केवळ सावधगिरीचे बोल नाहीत. मस्कारीचा कंद हुबेहूब लहान कांद्यासारखा दिसतो आणि फ्रिज घरातल्या सगळ्यांचा असतो. इटलीच्या दक्षिण भागात आणि ग्रीसमध्ये या कुळातल्या एका रानटी भावंडाचे कंद उकळून, कडूपणा काढून खातात. पण ती जात वेगळी, आणि विक्रीच्या कंदांना बुरशीनाशक लावलेले असू शकते.

पंधरवड्यातून एकदा पाहा. माती वरून कोरडी वाटली तर दोन-चार चमचे पाणी. पांढरी बुरशी दिसली तर पिशवी दिवसभर उघडी ठेवा. सहा-सात आठवड्यांनी डबा उचलून बूड बघा; भोकांतून पांढरी मुळे डोकावू लागतात. ती दिसली की निम्मे काम झाले. नोव्हेंबरच्या सुमारास वरून फिकट पिवळे कोंब येतात. अंधारात वाढलेले म्हणून ते तसे असतात. त्यांना बघून डबा बाहेर काढायची इच्छा होते, आणि याच टप्प्यावर बरेच जण घाई करतात. कोंब आला म्हणजे थंडी पुरली असे नाही. डब्यावरची तारीख मोजा, कोंब मोजू नका. बारा आठवड्यांच्या आत काढायचे नाही.

फ्रिजमध्ये डब्यांना जागा नसेल तर कोरडी थंडी: कंद कागदी पिशवीत, निदान दहा आठवडे. या रीतीने फूल येते, दांडा मात्र आखूड राहण्याची शक्यता जास्त. असे कंद डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यातच लावा आणि कुंडी घरातल्या सर्वांत गार कोपऱ्यात, अंधारात दोन आठवडे ठेवून मुळांना आधी वेळ द्या. कंद ‘प्रीकूल्ड’, म्हणजे आधीच थंडी दिलेले, म्हणून विकत मिळाले तर विक्रेत्याला विचारा, किती आठवडे आणि किती अंशांत. उत्तर न देणाऱ्याकडून घेऊ नका. आणि आले की त्याच दिवशी लावा.

बाहेर काढल्यावर

पहिले तीन-चार दिवस डबा घरातच, खिडकीपासून दूर, फरशीवर ठेवा. कोंब हिरवे होऊ लागतात. मग सकाळचे दोन-तीन तास ऊन मिळेल अशी जागा: पूर्वेकडचा सोपा किंवा बाल्कांव (दारापुढची बसायची ओसरी) उत्तम, जुन्या घरांची जाड भिंत दुपारभर गारवा धरते. फ्लॅटमध्ये पूर्वेची खिडकी चालते. दुपारचे ऊन आणि सिमेंटची गच्ची टाळा. हवे तर या वेळी डब्यातली सगळी माती न मोडता, मुळांना धक्का न लावता, मातीच्या पसरट कुंडीत बसवा. मातीच्या कुंडीतून पाणी झिरपून उडते आणि मुळे बाहेरच्या हवेपेक्षा गार राहतात. एवढ्याशा फरकाने इथे तुऱ्याचे दोन-तीन दिवस वाढतात.

पाणी सकाळी, थोडे, मातीवर. तुऱ्यावर नको. बशीत पाणी साठू देऊ नका. गोगलगायी रात्री कोवळे दांडे खातात, म्हणून कुंडी जमिनीवर न ठेवता स्टुलावर ठेवा.

दोन ते तीन आठवड्यांत तुरा उघडतो. गडद निळे, तोंडाशी पांढरी कड असलेले बारीक घट, आणि जवळ गेलात तर गोडसर सुवास. थंड देशांत तो तीन आठवडे टिकतो, इथे आठवडाभर, फार तर दहा दिवस. रात्री एसीच्या खोलीत नेलात तर थोडे अधिक. एका डब्यात पंधरा-वीस कंद लावलेत तरच डोळ्यांत भरते. तीन-चार कंदांसाठी एवढा खटाटोप करू नका.

एसीवरून आठवले. कुंडी तीन महिने एसीच्या खोलीत ठेवली तर, असे बरेच जण विचारतात. एसी १८ अंशांवर असतो आणि कंदाला तापमान हवे त्याच्या निम्मे किंवा त्याहून कमी, म्हणून उपयोग नाही. कुंडीत रोज बर्फाचे खडे टाकण्याचा उपायही व्हिडिओंमध्ये दाखवतात. बर्फ अर्ध्या तासात वितळतो, माती पुन्हा पंचविशीवर येते, आणि रोजच्या त्या पाण्याने कंद कुजतो.

दुसऱ्या वर्षी पुन्हा फुलेल का

हा प्रश्न सर्वांना पडतो आणि उत्तर देताना मला वाईट वाटते: बहुधा नाही. फूल गेल्यावर पानांनी दीड-दोन महिने गारव्यात अन्न साठवायचे असते. आपल्याकडे मार्चच्या उन्हाने पाने अकाली वाळतात आणि कंद अर्धपोटी राहतो. त्यानंतर त्याला कोरडा उन्हाळा हवा, त्यातच नवी कळी धरते. इथे जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो, आतल्या तालुक्यांत त्याहूनही जास्त. परसात राहिलेला कंद श्रावण बघत नाही.

तरी प्रयत्न करायचा असेल त्यांनी असे करावे. फूल संपताच तुरा खुडा, पाने ठेवा. पाने आपणहून पिवळी होईपर्यंत सकाळचे ऊन आणि थोडे पाणी द्या. एप्रिलमध्ये पाणी बंद. पाने वाळली की कंद काढा, माती झटका, धुऊ नका, सावलीत आठवडाभर वाळवा. मग जाळीच्या पिशवीत घालून, पुरुमेंताचे, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीचे कांदे जिथे टांगता तिथे टांगा, चुलीची धग आणि धूर लागेल अशा माळ्याखाली असेल तर फारच उत्तम. कंद तिथे टिकतो. पण टिकणे वेगळे आणि फुलणे वेगळे. सप्टेंबरमध्ये पुन्हा एक कापून पाहा. आत कोंब असेल तर फ्रिजमध्ये घाला. नसेल, तर तीन महिने फ्रिजची जागा अडवू नका.

माझ्या मते गोव्यात मस्कारी ही एका हंगामाची पाहुणी मानून दरवर्षी ताजे कंद घ्यावेत, किंवा मुळीच घेऊ नयेत. परसात एकदा लावली की आपोआप पसरेल, असे युरोपातल्या बागांविषयी लिहिलेले असते आणि तिथे ते अगदी खरे आहे. हॉलंडमधल्या कॉइकेनहॉफ बागेत मस्कारीचा नदीसारखा वळणारा निळा पट्टा लावतात. ते वाचून इथे शंभर कंद जमिनीत पुरू नका.

फ्रिजमध्ये जागाच नसेल तर

कंदवर्गातले आणि वसंतात फुलणारेच काही हवे असेल तर इथल्या हवेला मानवणारी झाडे आहेत आणि ती दरवर्षी परत येतात. भुईचाफा पाने येण्याआधी, थेट मातीतून जांभळट-पांढरी फुले काढतो आणि सुगंधी असतो. लाल, केशरी अमॅरिलिस मार्च-एप्रिलमध्ये फुलते. फुटबॉल लिली पावसाच्या तोंडावर. यांतल्या कशाला फ्रिज लागत नाही; दोन-तीन महिने कोरडी विश्रांती दिली की पुरते.

मस्कारीचे नातलगही आपल्याकडे आहेत, हे फार थोड्यांना ठाऊक असते. जांभ्याच्या सड्यांवर, म्हणजे खडकाळ पठारांवर रानकांदा उगवतो. तो वनस्पतिशास्त्राच्या हिशेबाने मस्कारीच्याच उपकुळातला. ऐन उन्हाळ्यात, एकही पान नसताना, त्याचा उंच दांडा तापलेल्या खडकातून वर येतो. तो बघायला सड्यावर जा, पण उकरून घरी आणू नका. सडे खाणींनी आणि बांधकामांनी आधीच आक्रसले आहेत, आणि रानकांदा विषारीही आहे, मुलेबाळे असलेल्या घरात तो नकोच. कुंडीसाठी रेन लिली घ्या: मेमध्ये कंद लावा, पहिल्या वळवानंतर पाणी दोन आठवडे तोडा, मग एकदम भरपूर घाला, चार-पाच दिवसांत कळ्या वर येतात.